पांढऱ्या ठिपक्यांचं वेळापत्रक

समुद्रातल्या माशाच्या अंगावर दोन-तीन पांढरे ठिपके असले तर त्याचं सहसा काही बिघडत नाही. चार-सहा दिवसांत ठिपका गळून पडतो. त्यातून पुढे निघणारी पिल्लं भरती-ओहोटीत विखुरतात आणि त्यांतल्या बहुतेकांना दुसरा मासा भेटतच नाही. तोच मासा पिशवीत बांधून, मुंबईहून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर आणून वर्ध्यातल्या एखाद्या हॉलमध्ये दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत सोडला, की सगळं गणित फिरतं. टाकीला ओहोटी नसते. माशाला पळायला जागा नसते. पिल्लाला नवा मासा शोधायला फार तर चार फूट पोहावं लागतं आणि रात्री मासे तळाशी निजले की तेवढंही नाही.

या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स. जपानमध्ये सिकामा यांनी 1937 साली त्याची नोंद केली आणि 1951 मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं. त्याच 1951 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कित्येक माणसांनी समुद्रातला रंगीत मासा जिवंत पाहिला तो पहिल्यांदा तिथेच, आणि घरी गेल्यावर वडिलांकडे टाकीचा हट्ट धरला तोही त्यानंतरच.

शौकीन मंडळी या रोगाला सरसकट ‘इक’ किंवा ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात आणि पहिला घोळ इथेच होतो. गोड्या पाण्यातल्या माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळ्याच जीवामुळे होतो. त्याचं नाव इक्थिऑफ्थिरियस. दोघेही केसाळ एकपेशीय जीव, दोघांची जगण्याची तऱ्हा जवळजवळ सारखी, पण नात्याने लांबचे. गोल्डफिश आणि एंजल पाळून हात बसलेला माणूस मरीनकडे वळतो तेव्हा जुने उपाय बरोबर घेऊन येतो: हीटर तीस अंशांवर लावायचा, मूठभर मीठ टाकायचं. खाऱ्या पाण्यात मीठ टाकून काही साधत नाही हे उघड आहे. उष्णतेचंही तसंच. समुद्री परजीवी प्रवाळबेटांच्या कोमट पाण्यातच वाढलेला असल्यामुळे तीस अंश त्याला मानवतात. वर गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे त्रास होतो तो माशालाच.

आता त्याची जीवनकहाणी. उपचाराची प्रत्येक तारीख तिच्यातूनच निघते, म्हणून जरा सावकाश पाहू.

माशाच्या अंगावर दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली शिरून माशाच्या पेशी खात बसलेला परजीवी. फुगून तो जवळपास अर्धा मिलिमीटर होतो, मिठाच्या कणाएवढा. वर कातडीचं पांघरूण असल्यामुळे या काळात पाण्यातलं कोणतंही औषध त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की तो माशाला सोडतो, काही तास तळाशी सरपटतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर, गोगलगाईच्या शिंपल्यावर चिकटून स्वतःभोवती कठीण पुटी बांधतो. पुटीच्या आत विभाजन सुरू होतं आणि एकाचे दोनशेपर्यंत होतात. पुटीवरही औषध चालत नाही. ती फुटली की सूक्ष्म पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. पहिले सहा-आठ तास त्यांच्यात खरा जोर असतो. दिवसभरात मासा मिळाला नाही तर ती मरतात. तांबं असो की अतिनील दिवा, आपला वार लागतो तो या उघड्यावर पोहणाऱ्या पिल्लांवरच.

दोनशेंपैकी दहांनाच मासा सापडला असं धरा. एका ठिपक्याचे पुढच्या फेरीत दहा, मग शंभर, मग हजार. म्हणूनच घराघरांत एकच गोष्ट घडते. पहिल्या आठवड्यात क्लाउनफिशच्या परावर दोन ठिपके दिसतात. दुकानदाराने दिलेली बाटली ओतली जाते. तीन दिवसांत ठिपके गायब होतात आणि बाटलीचं कौतुक सुरू होतं. खरं तर परजीवी आपल्याच वेळेवर उतरून पुटीत गेलेला असतो. दहा-बारा दिवसांनी तो परत येतो तेव्हा ठिपके मोजता येत नाहीत. तिसऱ्या फेरीत कल्ले भरतात आणि मासे मरायला लागतात. बाटलीत नुसतं रंगीत पाणी असतं तरी पहिल्या आठवड्यात तिला इतकंच यश आलं असतं.

या जीवाला दिवस-रात्र कळते. मासा सोडण्याचं काम तो अंधारात करतो आणि पिल्लंही बहुतांशी रात्री उशिरा ते सकाळच्या सुमारास बाहेर पडतात, मासे तळाजवळ स्थिर असतात तेव्हा. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला परजीवीचं घड्याळ काही नवीन नाही. हा हत्तीपायाचा पट्टा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर वर्षानुवर्षं संशोधन झालेलं आहे. आरोग्य खात्याची माणसं रक्ताचा थेंब घ्यायला रात्री दारात का येतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं. हत्तीपायाच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. दुपारी रक्त घेतलं तर तपासणी कोरी निघू शकते. टाकीचंही तसंच. दुपारी दिवे लावून मासे पाहणाऱ्याला जे दिसतं त्यावर रोग ठरवू नये. सकाळी दिवे लागण्याआधी टॉर्च मारून पाहावं, आणि ठिपक्यांपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावं. कल्ले भराभर हलत असतील तर अंग स्वच्छ असूनही रोग आत बसलेला असू शकतो.

वर्ध्यात खारी टाकी ठेवणं अवघड आहे हे सगळेच सांगतात, पण इथला एक मोठा फायदा कोणी सांगत नाही. इथून समुद्र लांब आहे. (नकाशावर सरळ रेघ मारली तर मुंबईपेक्षा काकीनाड्याचा किनाराच थोडा जवळ पडतो, पण मासे येतात ते मुंबईचेच.) किनाऱ्यावरचा शौकीन कधीमधी समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतो आणि त्याबरोबर काय आलं हे त्याला कळत नाही. वर्ध्यात पाणी बनवावं लागतं. धाम नदीचं नळाचं पाणी असो की काळ्या पाषाणातल्या बोअरचं जड पाणी, ते आरओतून काढायचं आणि त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री क्षारमिश्रण विरघळवायचं. दोनशे लिटरला सात किलो. घरच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, तेवढा बंद करून घ्यावा. अशा पाण्यात समुद्री परजीवी असूच शकत नाही. त्यामुळे इथल्या टाकीत तो येतो तो फक्त पिशवीतून: माशाच्या अंगावर, पिशवीतल्या पाण्यात, गोगलगाईच्या पाठीवर, ओल्या दगडावर. ‘वर्ध्याचं पाणीच खराब’ ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. पाण्याने शेवाळ माजतं, मासे अशक्तही होतात, पण ठिपके पाण्यातून उगवत नाहीत.

दार एकच असल्यामुळे पहारा देणं सोपं जातं. नवा मासा किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा. तीस-चाळीस लिटरची उघडी काच, स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच. वाळू नको, दगड नको. दुसऱ्या टाकीला पैसे नसतील तर पहिलीचा विचार थोडा पुढे ढकलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या टाकीच्या दिव्यांवर हजारो रुपये घालणारा माणूस या साध्या काचेपाशी का अडतो हे मला कधी उमगलं नाही. दगड घ्यायचा तर सुका घ्यावा. त्यात कायद्याचाही भाग आहे. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आपल्या समुद्रातून उचललेले प्रवाळाचे तुकडे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकत घेणं हा सरळ गुन्हा आहे.

पहारा चुकला आणि रोग मोठ्या टाकीत शिरला, तर दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर उपचार करायचे आणि टाकी माशांविना रिकामी ठेवायची. सगळे म्हणजे सगळे, ठणठणीत दिसणारा धरून. एका जरी माशावर परजीवीला आसरा मिळाला तरी चक्र चालू राहतं. एकदा रोग भोगून वाचलेल्या माशात काही महिने प्रतिकारशक्ती टिकते आणि त्याच्या अंगावर ठिपके उमटत नाहीत, पण कल्ल्यांत एखाद-दुसरा परजीवी राहू शकतो. जुने सहा मासे मजेत आणि नवा आणलेला आठवड्यात मेला, दोष दुकानदाराला, असं बऱ्याचदा घडतं. चोर मात्र घरातलाच असतो.

रिकामी किती दिवस ठेवायची? बहुतेक पुट्या तीन दिवस ते चार आठवडे या काळात फुटतात. पण सगळ्या एकदम फुटत नाहीत, आणि कोलॉर्नी व बर्जेस यांच्या 1997 च्या आढाव्यात काही पुट्या थेट 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. त्यावर थोडे दिवस वाढवून शौकिनांनी 76 हा आकडा धरला. हल्ली काही जण उबदार पाण्यात सहा-सात आठवड्यांत भागतं म्हणतात. अडीच महिने थांबलेल्याला पस्तावलेलं मी पाहिलेलं नाही, घाई करणाऱ्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

हे 76 दिवस सुमारे 27 अंशांच्या पाण्याचे आहेत. इथे वर्ध्याची थंडी आडवी येते. डिसेंबरात रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. टाकीत मासेच नाहीत म्हणून वीज वाचवायला हीटर काढला, तर थंड पाण्यात पुटीतली वाढ मंदावते. थंड पाण्यात पुट्या महिनोन् महिने तग धरू शकतात. तेव्हा टाकी रिकामी असली तरी हीटर चालू ठेवायचा, पंप चालू ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांनी खाण्याची चिमूट टाकायची. खेकडे-कोळंबी जगतात आणि माशांची घाण पचवणारे जिवाणूही उपाशी मरत नाहीत.

बाहेर काढलेल्या माशांसाठी सर्वांत जुनं औषध तांबं. तांब्याचं सर्वपरिचित मीठ म्हणजे मोरचूद, आणि मोरचूद आर्वी, आष्टी, कारंजा या संत्र्याच्या तालुक्यांत घरोघरी असतं. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घालून बोर्डो मिश्रण करतात, बुरशीसाठी झाडांवर मारतात, खोडाला दाट मलम लावतात. माशाच्या पाण्यात मात्र तांबं हवं लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. बोर्डो मिश्रणात ते याच्या बारा हजार पटींहून जास्त असतं. पन्नास लिटरच्या टाकीला लागतं जेमतेम 40 मिलिग्रॅम मोरचूद, म्हणजे घरच्या काट्यावर दिसणारही नाही इतकं. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचं मोरचूद घेऊन त्याचे चार ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवावेत. त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम तांबं येतं, पन्नास लिटरला दहा मिलिलिटर पुरतं. तेही एकदम न घालता दोन-तीन दिवसांत वाढवत न्यायचं, रोज टेस्ट किटने मोजायचं आणि ती पातळी किमान तीन आठवडे, शक्यतो महिनाभर राखायची. मात्रा थोडी घसरली तर पिल्लं जगतात, थोडी चढली तर मासा जातो. कृषी केंद्रातल्या पिशवीतलं मोरचूद यासाठी वापरू नये, त्यात आणखी काय आहे ते पिशवीवर लिहिलेलं नसतं.

बोर्डो मिश्रणातला चुना असतो तांब्याची धार मारायला. चुन्याने ते विरघळलेल्या रूपातून बाहेर पडतं आणि पान जळत नाही. मुख्य टाकीत तांबं का घालायचं नाही, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. टाकीतली वाळू आणि दगड चुनखडीचे असतात. ते तांबं ओढून घेतात, पातळी टिकू देत नाहीत आणि पुढे कधीतरी ते परत पाण्यात सोडू शकतात. उरलेलं अर्धं उत्तर असं की कोळंबी, खेकडे, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं विष आहे.

तांबं नको असेल तर पाण्याची क्षारता उतरवता येते. विशिष्ट गुरुत्व 1.025 वरून दोन दिवसांत 1.009 वर आणायचं आणि महिनाभर तिथेच धरायचं. बहुतेक मासे हे सोसतात, परजीवीच्या पेशीला ते सोसत नाही. पुस्तकात ही पद्धत फार सोपी वाटते. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याच्या कोरड्या हवेत तिचा निभाव लागणं कठीण. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. चाळीस लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर उडाले आणि भर घातली नाही, तर तीन दिवसांत लिटरला 12 ग्रॅमची क्षारता 14 वर जाते आणि परजीवीला पुन्हा श्वास मिळतो. दिवसातून दोनदा आरओचं पाणी घालायला कोणी घरी असेल तरच या वाटेला जावं, आणि रिफ्रॅक्टोमीटर आधी तपासून घ्यावा.

मला स्वतःला आवडते ती तिसरी पद्धत, बिनऔषधाची. इस्रायलमधल्या एलात इथे कोलॉर्नी यांनी 1980 च्या दशकात ती सुचवली. परजीवी माशावरून उतरला की पुटी फुटायला किमान तीन दिवस लागतात. त्याआधीच मासा कोरड्या, स्वच्छ टाकीत हलवायचा. दर 72 तासांनी, चार वेळा. उतरलेले परजीवी जुन्या टाकीतच राहतात, ती टाकी ओतून, धुऊन खडखडीत वाळवायची. वर्ध्याचं ऊन इथे कामाला येतं. गच्चीवर दिवसभर पालथी घातलेली टाकी, पाइप आणि जाळी यांत पुटी टिकत नाही. दर खेपेला ताजं खारं पाणी लागतं, खर्च होतो तो तिथे.

ही पद्धत फक्त पांढऱ्या ठिपक्यांसाठी आहे. इतर परजीवींची घड्याळं वेगळी, म्हणून ओळख चुकली की सगळं मुसळ केरात. ठिपके सुटे न दिसता अंगावर पिवळसर भुकटी पसरल्यासारखं वाटत असेल, मासा दिव्यापासून तोंड लपवत असेल, पंपाच्या धारेसमोर उभा राहून धापा टाकत असेल, तर तो ‘वेल्व्हेट’, म्हणजे अमायलूडिनियम. याचं वर्णन 1931 मध्ये झालं. तो आधी कल्ले गाठतो आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, टाकी साफ करतो. कमी क्षारतेला तो जुमानत नाही. त्याला तांबं किंवा क्लोरोक्विन लागतं. मलेरियाचं औषध माशाला कसं लागू पडतं याचं नवल वाटायला नको. मलेरियाचा जीव, वेल्व्हेट आणि पांढऱ्या ठिपक्यांचा जीव हे तिन्ही प्राणिशास्त्राच्या एकाच मोठ्या कुळातले आहेत. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा थर सुटत असेल तर संशय ब्रुकलिनेलाचा, त्यावर तांबं फुकट. डोळे धुरकट, अंग दगडावर घासणं चालू, पण ठिपके नाहीत, असं असेल तर चपटे कृमी असू शकतात. माशाला त्याच तापमानाच्या आणि सामूच्या गोड्या पाण्यात, एअर पंप लावून, पाच मिनिटं धरलं की ते तिळासारखे तळाशी पडलेले दिसतात. मग प्राझिक्वान्टेल द्यायचं.

लसूण खाऊ घालणं, ‘प्रवाळांना निर्धोक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या आणि क्लीनर रास हा मासा, यांवर फार लिहिण्यासारखं नाही. लसणाने मासा आवडीने खातो, तेवढाच उपयोग. अतिनील दिव्याने पिल्लांची संख्या घटते, रोग जात नाही. क्लीनर रास माशांच्या अंगावरचे छोटे कवचधारी जीव खातो, कातडीखाली दडलेला परजीवी त्याच्या तोंडी लागत नाही, आणि घरच्या टाकीत तो बऱ्याचदा उपासमारीनेच मरतो.

आता थोडं हवामानाचं. मार्चच्या पहिल्या तारखेला मासे काढले तर 76 दिवस 16 मेला भरतात. तेव्हा बाहेर पारा 45 च्या आसपास असतो आणि चिलर नसेल तर टाकीचं पाणी तिसाच्या वर. महिनाभर उपचार सोसलेल्या माशाला या पाण्यात परत सोडायचं आणि त्यात दुपारी वीज गेली, तर परजीवीने सोडलेलं काम प्राणवायूच्या टंचाईने पुरं होतं. मृग बरसून हवा निवेपर्यंत मासे विलगीकरणाच्या टाकीतच ठेवावेत, एअर पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. नवे मासे आणायचे तर गणपतीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पिशव्यांचा रेल्वेप्रवासही त्या दिवसांत सुसह्य असतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते ती कूलरची. वेल्व्हेटची पिल्लं एअर पंपाच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांवर बसून जाऊ शकतात. एका प्रयोगात, वारं वाहत असताना, ती तीन मीटरपर्यंत पोचलेली आढळली. हॉलच्या एका कोपऱ्यात आजारी माशांची टाकी, दुसऱ्यात मुख्य टाकी आणि खिडकीतून घोंघावणारा कूलर, ही मांडणी वर्ध्यात घरोघरी सहज होऊ शकते. विलगीकरणाची टाकी दुसऱ्या खोलीत ठेवावी. जाळी, बादली आणि पाणी काढायची नळी तिथली तिथेच राहू द्यावी, आणि रोजचं खाणं आधी मुख्य टाकीत घालून मगच त्या खोलीत जावं.